थवा हवा होता, घोळका मिळाला

बारा निऑन टेट्रा मासे टाकीच्या मधोमध एका रेषेत आले, एकदम वळले, पुन्हा एकदम वळले. मी जोरात हाक मारली, "आई, लवकर ये, बघ, बघ!" आई हातातलं काम टाकून आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "कवायत चाललीय की यांची." मी लगेच व्हिडिओ काढून दादाला पाठवला. दादा माझ्या कितीतरी आधीपासून मासे पाळतोय. त्याचं उत्तर आलं, "घाबरलेत गं ते. काय केलंस?"

काहीच केलं नव्हतं. व्हिडिओ स्पष्ट यावा म्हणून वरचा दिवा पूर्ण केला होता आणि फोन काचेला टेकवला होता, एवढंच.

हा प्रसंग टाकी आणल्यानंतर साधारण चार महिन्यांनी घडला. त्याआधीचे चार महिने मी नेमकं हेच दृश्य दिसावं म्हणून धडपडत होते, त्यामुळे दादाचं उत्तर चांगलंच झोंबलं.

माझा पहिला बेत एका छोट्या, गोल काचेच्या भांड्याचा होता. मासे बोटाच्या दोन पेरांएवढे, त्यांना जागा ती किती लागणार? दादाने तो बेत फोनवरच मोडला. हे मासे वर-खाली फारसे जात नाहीत, आडवे पोहतात, तेव्हा टाकीची उंची नको बघूस, लांबी बघ, म्हणाला. शिवाय पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. शेवटी दोन फुटी टाकी घेतली, ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटर. हिशेबाने होतात जवळपास ६५ लिटर. पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास. वर झाकण. हे मासे दचकले की उडी मारतात, त्यामुळे झाकणाला पर्याय नाही.

मग सहा आठवडे टाकीत एकही मासा नव्हता.

या काळात घरच्यांनी माझी जी थट्टा केली ती सगळी लिहीत नाही. "दगड पाळलेस का?" हा आईचा प्रश्न रोजचा झाला होता. फिल्टर चालू, हीटर चालू, दिवा चालू, आणि आत दोन दगड आणि एक लाकडाचा ओंडका. कारण साधं आहे. मासे बराचसा अमोनिया कल्ल्यांतून सोडतात, उरलेलं अन्न कुजूनही तोच तयार होतो, आणि तो त्यांच्यासाठी विष असतो. फिल्टरच्या स्पंजवर वस्तीला येणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे त्या मानाने खूपच सौम्य, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या कामाचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेलं असतं; १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात घरगुती टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो असं दिसलं. मला दोघांपैकी कोणीही चाललं असतं, लवकर आला असता तर.

रोज संध्याकाळी काचनळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. माझ्या पाणी तपासायच्या किटमध्ये अमोनियाचा पिवळा रंग म्हणजे शून्य आणि हिरवा म्हणजे थांबा. जिवाणूंना खाद्य म्हणून, सुगंध न मिसळलेलं अमोनियाचं द्रावण टाकून मी पातळी २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन) नेली होती. अकराव्या दिवशी हिरवा पहिल्यांदा फिकटला आणि मी खरोखर टाळी वाजवली. पाठोपाठ नायट्राइटची नळी जांभळीगर्द झाली आणि तशीच राहिली.

विसाव्या दिवशी माझ्या स्वच्छतेच्या आवडीने घात केला. स्पंज चिकट, तपकिरी दिसत होता. उचलला आणि नळाखाली मस्त खळखळून धुतला. तो तपकिरी मळ म्हणजेच ती वस्ती, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते मुळी जिवाणू मारण्यासाठीच, हे मला दादाला अभिमानाने सांगताना समजलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. तेव्हापासून स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, दोनदा हलकासा पिळून, बस्स. दादाच्या फिल्टरमधला एखादा मळका स्पंज हाताशी असता तर त्यावरची तयार वस्ती आणून बराच वेळ वाचला असता, पण तो राहतो लांब. अखेर त्रेचाळिसाव्या दिवशी टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य, नायट्राइटही शून्य. नायट्रेट मात्र ४० पीपीएमच्या वर गेलं होतं. निम्म्याहून जास्त पाणी बदललं.

कोणते मासे आणायचे हे तोवर तीनदा बदलून झालं होतं. हार्लेक्विन रास्बोरा आवडला होता, अंगावर काळा त्रिकोण असलेला. एम्बर टेट्रा तर निखाऱ्याच्या ठिणगीसारखा, जेमतेम दोन सेंटिमीटर. पण मन अडकलं होतं निऑन आणि कार्डिनलमध्ये. दोघांत फरक ओळखायला सोपा: कार्डिनलचा लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग जातो, निऑनचा पोटाच्या मध्यापासून मागे सुरू होतो. माझ्या नळाच्या पाण्याचा पीएच ७.६ आणि कडकपणा मध्यम. दोन्ही मासे मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले. पण विकत मिळणारे निऑन बहुतेक मत्स्यशेतीत पिढ्यान् पिढ्या वाढवलेले असतात आणि मध्यम कडक पाणी चालवून घेतात. कार्डिनल अजूनही मोठ्या प्रमाणात थेट रिओ नेग्रोतून पकडून येतात. म्हणून निऑन. १९३६ साली शास्त्रीय नाव मिळालेला हा मासा तेव्हापासून घरोघरच्या टाक्यांत आहे, तेव्हा माझ्याकडेही जगेल असा माझा युक्तिवाद. सोबत एंजेल फिश ठेवायचा मोह मात्र मी टाळला. तो मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात बरोबर मावतो.

सहा आणले. "किमान सहा" हा आकडा जिथे तिथे वाचला होता आणि मी त्यातला "किमान" गाळून वाचला. माझं आताचं मत असं की सहाचा सल्ला निरुपयोगी आहे, कारण एक मेला की तुम्ही लगेच किमानाच्या खाली. माझा तिसऱ्याच दिवशी मेला.

आणताना काळजी मात्र घेतली होती. पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग मासे छोट्या बादलीत ओतून, हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब त्यात सोडलं. तासभर. दिवे बंद. बादलीतलं पाणी टाकीत जाऊ दिलं नाही.

त्या पहिल्या रात्री दीड वाजता मला राहवलं नाही, उठून टॉर्च मारला. तळाशी सहा राखाडी, जवळपास पारदर्शक सावल्या. निळा पट्टा नाही, लाल नुसता विटलेला. माझ्या पोटात गोळा आला. सहाही गेले, असंच वाटलं. मग एकाने कल्ला हलवला. हे त्यांचं रोजचं आहे, हे मला माहीत नव्हतं. निऑनचा निळा हा मुळात रंगद्रव्याचा नाहीच. त्वचेतल्या पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या अतिशय पातळ चकत्या थराथराने रचलेल्या असतात, त्यांच्यावरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो. अंधारात त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि चमक मावळते. सकाळी दिवा लावल्यावर काचेजवळ बसून पाहिलं. आधी डोळ्यावरची रेघ जांभळी झाली, मग पट्टा मागे मागे उजळत गेला, जसं कोणी ओल्या कुंचल्याने ओढत न्यावं. माझ्याकडे हे व्हायला पाचेक मिनिटं लागतात. एक वर्ष होत आलं, अजून मी ती पाच मिनिटं चुकवत नाही.

पण दिवसाचं चित्र काही बरं नव्हतं. पाचही जण फिल्टरच्या मागे. खायला बाहेर येत, घाईने घास उचलत आणि परत मागे. त्यातला सर्वांत मोठा, ज्याला मी मुकादम म्हणू लागले, पर ताणून दुसऱ्याच्या कुशीला कूस भिडवायचा आणि मग त्याला टाकीभर पळवायचा. शांत मासे म्हणून आणले होते हे! दादाचं म्हणणं, पाच जणांत भांडण झालं की ते दोघांवरच येतं. पंधरा असले की कोण कोणाच्या मागे लागलंय हे त्यांचं त्यांनाच आठवत नाही.

मग आणखी आठ आणले, पण ते तीन आठवडे वेगळ्या प्लास्टिकच्या टबात. हीटर, छोटा स्पंज फिल्टर, वर जाळी. त्यात एक मेला. बाकीच्यांच्या अंगावर पांढरे ठिपके वगैरे रोगाचं काही आलं नाही. हलवायच्या दिवशी मी हिरवी जाळी घेतली आणि तिथेच चूक झाली. एकाचा पर जाळीच्या विणीत अडकला, तडफडला, सुटला. जाळीवर दोन-तीन खवले चमकत राहिले. त्याला टाकीत सोडलं आणि अर्ध्या मिनिटात टाकी रिकामी. जुने पाच, नवे सात, सगळे ओंडक्याखाली. दोन दिवस कोणी खायलाही नीट आलं नाही.

मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश आपल्याला ठाऊक असतात, त्याच कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. त्यांनीच १९३८ च्या सुमारास दाखवून दिलं होतं की मिनो जातीच्या माशाची त्वचा फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याचा वास लागताच बाकीचे लपतात किंवा एकमेकांना चिकटतात. टेट्रा, रास्बोरा, डॅनिओ ही सगळी मंडळी मिनोच्याच मोठ्या गोतावळ्यातली. माझ्या टाकीत नेमकं तेच घडलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, नवी जागा हेही कारण असेल. पण तेव्हापासून मी मासे जाळीने उचलत नाही. पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरायचा आणि दुसऱ्या हाताने हळूच त्यात हाकायचे.

यानंतर काही दिवसांनी ती कवायत, तो व्हिडिओ आणि दादाचं उत्तर. रात्री त्याने फोन करून सविस्तर समजावलं. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आपण मराठीत दोन्हीला थवाच म्हणतो. मी माझ्यापुरती सोय करून घेतली: सगळे एका दिशेला तोंड करून, सारख्या अंतराने, एका वेगाने जातात तो थवा, आणि एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहून जो तो आपापलं काहीतरी करत असतो तो घोळका. निऑनसारखे मासे धोका वाटला की थवा करतात. शिकाऱ्याला बारा सारख्या पट्ट्यांतून एकावर नजर ठेवता येत नाही, हा त्यातला फायदा. त्यांच्यात म्होरक्या नसतो. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याकडे लक्ष ठेवतो, डोळ्यांनी आणि कुशीवरच्या पार्श्वरेषेने, जिला पाण्याची बारीक हालचालही कळते. १९७६ सालच्या एका प्रयोगात डोळे झाकलेले मासेसुद्धा थव्यात सामील होऊ शकले होते. म्हणजे मी ज्याला सौंदर्य म्हणून आईला दाखवत होते, ती संकटकाळची शिस्त होती.

मग धोका कशाचा वाटत होता, ते शोधणं आलं. टाकीपुढे खुर्ची टाकून एक अख्खी दुपार बसले. दार आपटलं की थवा. एअर पंप ज्या फळीवर होता ती फळी टाकीला टेकत होती, आणि पंप चालू झाला की थवा. या गोतावळ्यातल्या माशांत वाताशय (पोटातली हवेची पिशवी) आणि अंतर्कर्ण (कानाचा आतला भाग) यांना जोडणारी छोट्या हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं. काचेवर टिचकी मारू नका, असं जे सांगतात ते त्यामुळेच. पंप वेगळा टांगला. टाकीखाली फोमची जाड पट्टी घातली.

दुसरं, आत सगळं लख्ख होतं. पांढरी वाळू, मागे उघडी काच, डोक्यावर प्रखर दिवा. मला ते स्वच्छ आणि मोकळं वाटायचं. ज्याला वरून पक्षी आणि खालून मोठा मासा टिपू शकतो, त्याच्या जागी मी स्वतःला ठेवून बघितलं नव्हतं. वाळू बदलून काळी केली (त्या दिवसाचं वर्णन करायला लावू नका, घरभर ओली वाळू होती). मागे काळा कागद. पाण्यावर साल्व्हिनिया ही तरंगती वनस्पती सोडली, तिची पानं पसरून आठवड्यात वरून सावली झाली. ओंडक्यावर जावा मॉस नावाचं शेवाळ बांधलं, मागे व्हॅलिसनेरियाची उंच पाती. दिवा निम्म्यावर आणून दिवसाला सात तास. वाळलेली देशी बदामाची दोन पानं तळाशी टाकली, त्याने पाणी हलकंसं मधाळ झालं. फिल्टरचा झोत इतका होता की मासे एका कोपऱ्यात दम टिकवून उभे राहायचे. त्याचं तोंड काचेकडे वळवलं आणि पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंजची टोपी चढवली.

खाण्यातही एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मी टाकत होते ते दाणे त्यांच्या तोंडापेक्षा मोठे होते. एक निऑन दाणा धरायचा, थुंकायचा, परत धरायचा, तोवर तो तळाला जायचा, आणि तळावरचं उचलायला हे फारसे राजी नसतात. आता चिमूट बोटांत चुरून टाकते, दिवसातून एकदा, रविवारी उपास.

साधारण सहाव्या महिन्यात एका सकाळी पाहिलं तर मासे विस्कटलेले. तीन डावीकडे मॉसपाशी, एक एकटाच पात्यांत, दोन वर साल्व्हिनियाच्या मुळांशी तोंड खुपसून, मुकादम भर मैदानात उगाच हिंडतोय. मी घाबरून किट काढलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १५. तापमान २४. दादाला व्हिडिओ पाठवला, या वेळी दिवा न वाढवता, लांबून. उत्तर दोन शब्दांचं: "आता जमलं."

खरं सांगायचं तर माझा थोडा हिरमोड झाला. घोळका पाहुण्यांना दाखवण्यासारखा नसतो. त्याला वेळ द्यावा लागतो. मग दिसतं की एकाला मॉसमधला एक विशिष्ट खळगा प्रिय आहे आणि दुसरा तिथे आला की तो पर ताणून नुसता थरथरतो. की वरचा एक खाली निघाला की दोघे मागोमाग येतात, पण घाई न करता. मोजणी मात्र अवघड झाली. थव्यात बारा पटकन मोजून व्हायचे, आता रोज एक तरी दोनदा मोजला जातो.

याच मोजणीत नवव्या महिन्यात एक वेगळा दिसला. सगळेच सुटे असताना वेगळा कसा ओळखायचा? बाकीचे सुटे असले तरी कुणीतरी त्यांच्या नजरेत असतं. हा कोपऱ्याकडे तोंड करून होता आणि पाठीकडचा निळा पट्टा मध्येच पुसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तो ठिपका वाढला. निऑन डिसीज म्हणतात तो हाच असावा, स्नायूंत वाढणारा एक सूक्ष्म परजीवी, ज्यावर भरवशाचं औषध नाही. मेलेल्या माशाचे लचके बाकीच्यांनी तोडले की तो पसरतो, म्हणून त्याला त्याच दिवशी डब्याने उचलून टबात हलवला. टबातही मॉसचा एक गुच्छ ठेवला. नवव्या दिवशी तो गेला. इतरांत अजून तरी काही दिसलेलं नाही. अकरा आहेत.

दर शनिवारी चौदा लिटर पाणी बदलते, क्लोरीन काढणारं औषध टाकून, हाताला टाकीइतकंच कोमट लागेल असं बघून. हात पाण्यात गेला की अकराही जण एका रेषेत येतात, टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला, एकदम वळतात, पुन्हा एकदम वळतात. तोच थवा, तीच कवायत. आई अजूनही हौसेने बघायला येते. सुरुवातीला हात काढल्यावर तो विरायला दोन-अडीच तास लागायचे. काळी वाळू आली तेव्हा अर्धा तास. मी किटच्या वहीत मागच्या पानावर हे आकडे लिहून ठेवते, नायट्रेटच्या शेजारी. गेल्या शनिवारी पाणी उपसायची नळी बाहेर काढली, हात पुसले, घड्याळ लावलं. मुकादम सगळ्यांत आधी फुटून मॉसकडे वळला. चार मिनिटं दहा सेकंद.